युनोची वर्गणी थकवली तर नक्की काय होतं?

खतावणी (धागाकर्ता)

हाउसिंग सोसायटीत मेंटेनन्स थकला की काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. नोटीस बोर्डावर नाव लागतं, उपविधींप्रमाणे वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज चढतं, आणि तरीही नाही भरलं तर निबंधकाकडून वसुलीचा दाखला (पूर्वी कलम १०१, आता १५४ब-२९). देशांच्या सोसायटीत काय करतात?

विचारायचं कारण असं. जानेवारी २०२२ मध्ये थकबाकीपायी आठ देशांचा आमसभेतला मताधिकार गेला. इराण, व्हेनेझुएला, सुदान, अँटिग्वा-बार्बुडा, काँगो (ब्राझाव्हिलवाला), गिनी, पापुआ न्यू गिनी आणि वानुआटू. मत परत मिळवायला वानुआटूने भरायचे होते १९४ डॉलर. एकशे चौऱ्याण्णव! त्याच्या दोन-सव्वादोन वर्षं आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, अमेरिकेकडे नियमित अंदाजपत्रकाचे मागचे ३८.१ कोटी आणि चालू वर्षाचे ६७.४ कोटी डॉलर येणे होते. तिचं मत शाबूत. हे कसं काय? जाणकारांनी नियम आणि आकडे सांगावेत. राजकारणावरची मतं नकोत, ती इतर धाग्यांवर भरपूर आहेत.

भोचक_भाऊ

व्हीटो असला की वर्गणी माफ. धागा बंद करा.

पाचवी_समिती

भोचकभाऊ, नाही. व्हीटो सुरक्षा परिषदेत चालतो. वर्गणी ठरवते आमसभा, सनदेच्या कलम १७ प्रमाणे, आणि मत जातं तेही आमसभेतलंच, कलम १९ प्रमाणे. तिथे व्हीटोवाल्याला कसलीच सूट नाही. उलट बाजूही लक्षात घ्या: कलम १९ लागलेला देश सुरक्षा परिषदेचा सदस्य असेल तर तिथे तो मत देऊ शकतो.

आता धागाकर्त्याचं कोडं. कलम १९ रक्कम बघत नाही, गुणोत्तर बघतं. एकूण थकबाकी आधीच्या पूर्ण दोन वर्षांच्या आकारणीइतकी किंवा तिच्याहून जास्त झाली की मत गेलं. समजा एका देशाला दरवर्षी १०० रुपये आकारणी आहे. दोन वर्षं दमडीही भरली नाही, तर १ जानेवारीला थकबाकी २०० आणि मर्यादाही २००. मत गेलं. डिसेंबरात एक रुपया भरला असता तर थकबाकी १९९ आणि मत राहिलं असतं.

म्हणून ते १९४ डॉलर म्हणजे वानुआटूची थकबाकी नव्हे. मर्यादेच्या खाली यायला लागणारी ती किमान रक्कम. बातम्यांत नेहमी हाच घोळ होतो. इराणची तशीच किमान रक्कम तेव्हा १.८४ कोटी डॉलर होती, एकूण देणं त्याहून कितीतरी जास्त.

अमेरिकेचं गणित याच चौकटीत बसवा. या हिशोबात नियमित अंदाजपत्रक, शांतिसेना आणि न्यायाधिकरणं या सगळ्यांची आकारणी धरतात. अमेरिकेची दोन वर्षांची एकूण आकारणी काही अब्ज डॉलर. मर्यादाच एवढी उंच, की शंभर कोटी थकले तरी ती लांबच राहते. छोट्या देशाची मर्यादा गुडघाभर, मोठ्याची ताडाएवढी. टक्क्यांत मोजलं तर दोघांना नियम एकच.

चिंचपोकळी_रिटर्न्स

म्हणजे गणपतीच्या वर्गणीसारखंच. ५१ वाल्याला "काका, यंदा पण राहिली हं", आणि पाच हजारवाल्याला "साहेब, सवडीने द्या".

खतावणी

@पाचवी_समिती, लख्ख कळलं. पण मुळात कोणाला किती हे कोण ठरवतं?

दशांश_तीन

१८ सदस्यांची वर्गणी समिती असते. ती दर तीन वर्षांनी तक्ता सुचवते, मग तो अंदाजपत्रक बघणाऱ्या पाचव्या समितीतून आमसभेत जातो. (आयडीवाले पाचवी समिती नव्हेत, खरी.) पायऱ्या अशा:

राष्ट्रीय उत्पन्न घेतात, तीन वर्षांची सरासरी आणि सहा वर्षांची सरासरी, आणि त्या दोन्हींचा मध्य. एखाद्या वर्षी चलन गडगडलं म्हणून आकडा उड्या मारू नये यासाठी. त्यातून परकीय कर्जाची वजावट, कर्जसाठ्याच्या १२.५ टक्के. मग दरडोई उत्पन्नाची सवलत. जागतिक सरासरीच्या तुम्ही जितके टक्के खाली, त्याच्या ८० टक्के सूट.

भारताचं उदाहरण ढोबळमानाने करून बघा. जगाच्या उत्पन्नात आपला वाटा सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. दरडोई उत्पन्न जागतिक सरासरीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे ८० टक्के खाली. ८० चे ८० टक्के म्हणजे ६४ टक्के सूट. सव्वातीनचे उरलेले ३६ टक्के काढले की १.१७ येतं. प्रत्यक्ष दर २०२५-२७ साठी १.१०६ टक्के आहे, २०२२-२४ मध्ये १.०४४ होता. जवळपास जुळतं.

शेवटी तीन कुंपणं. कमीत कमी ०.००१ टक्का, अतिअविकसित देशांना जास्तीत जास्त ०.०१ आणि कुणालाही जास्तीत जास्त २२ टक्के. हे शेवटचं कुंपण एकाच देशाला लागू पडतं, ओळखा कोणाला. आणि कुणालाही दिलेली सूट हवेत विरत नाही. ती बाकीच्यांच्या बिलात चढते. त्यामुळे तक्त्याच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरात मध्यरात्रीपर्यंत घासाघीस चालते ती तिसऱ्या दशांशस्थळावर.

गोदाकाठ

चीनचा आकडा बघितला की डोळे फिरतात. २००० साली एक टक्क्याच्या आत होता, २०२२-२४ ला १५.२५४ आणि आता २०.००४. जपान ८.०३३ वरून ६.९३० वर उतरला.

०.००१ म्हणजे प्रत्यक्षात किती?

दशांश_तीन

२०२५ च्या हिशोबात साधारण ३४ हजार डॉलर. भारताचे त्या वर्षी ३.७६४ कोटी डॉलर होते आणि ते ३१ जानेवारीलाच भरले गेले.

भोचक_भाऊ

३४ हजार डॉलरमध्ये १९३ देशांच्या बरोबरीने एक मत. नगरसेवकपद याहून महाग पडतं.

पाचवी_समिती

३१ जानेवारीचा उल्लेख आला म्हणून थोडं सविस्तर. डिसेंबरअखेर अंदाजपत्रक मंजूर होतं, जानेवारीच्या सुरुवातीला मागणीपत्रं जातात आणि ती मिळाल्यापासून ३० दिवसांत पूर्ण रक्कम भरायची असा वित्तीय नियम आहे. वेळेत भरणाऱ्यांची नावं सन्मान यादीत लागतात. बक्षीस एवढंच. उशिरा भरणाऱ्याला व्याज शून्य, दंड शून्य.

मागणीपत्रातली रक्कम थेट 'अंदाजपत्रक गुणिले टक्के' अशी नसते हेही लक्षात ठेवा, नाहीतर हिशोब जुळत नाही. कर्मचाऱ्यांच्या पगारातून युनो स्वतःचा कर कापते आणि तो देशांच्या खाती जमा धरून मागणीतून वळता करते. मुख्यतः अमेरिका स्वतःच्या नागरिक-कर्मचाऱ्यांवर आयकर लावते. त्यांना तो परत द्यावा लागतो, म्हणून अमेरिकेच्या वाट्याची ही जमा त्या कामी वळवतात. २०२५ चं अंदाजपत्रक ३७२ कोटी डॉलरचं, पण आकारणी त्याहून कमी रकमेवर झाली ती मुख्यतः यामुळे.

सरळव्याज

माझा आक्षेप इथेच आहे. व्याज नाही हेच दुखण्याचं मूळ. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या करारात सरळ लिहिलं आहे: आर्थिक वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून वार्षिक ३ टक्के, सातव्या महिन्यापासून ६ टक्के. तिथे वर्गणी देश स्वतः निवडतो, एककांत. एक एकक ३,१८,००० स्विस फ्रँकचं. इतके एकक घेतो म्हणून सांगायचं आणि तेवढं भरायचं. जिनिव्हात जमतं ते न्यूयॉर्कला का जमू नये?

पाचवी_समिती

जमू नये असं नाही, पण कोणी करू दिलेलं नाही. व्याज, थकबाकीची महागाईशी सांगड, उशिरा भरणाऱ्याच्या नोकरभरतीवर बंधनं, हे सगळं वर्गणी समितीपुढे येऊन गेलंय. मोठे थकबाकीदार नको म्हणतात हे उघडच आहे. गरीब देशही बिचकतात, कारण मुद्दल भरायचीच पंचाईत असलेल्यावर व्याज चढवलं तर तो कलम १९ च्या खाईत कायमचा जातो. शिवाय मोठ्याने मुद्दलच अडवून धरलं असेल तर व्याज वहीत चढत राहणार, इतकंच.

सरळव्याज

पटलं नाही. वहीत चढलेलं व्याजही पुढे कधीतरी वाटाघाटीच्या टेबलावर येतं. १९९९ च्या हेल्म्स-बायडन कायद्यात अमेरिकेने ९२.६ कोटी डॉलरची थकबाकी फेडायची तयारी दाखवली ती अटी घालून. नियमित अंदाजपत्रकाची कमाल मर्यादा २५ वरून २२ करा, ही त्यातली एक. थकवणाऱ्याला सूट मिळाली! समोर व्याजाचा आकडा असता तर घासाघीस करायला निदान काहीतरी हातात असतं.

कुर्ल्याची_काकू

अवांतर: ती २२ टक्क्यांची मर्यादा डिसेंबर २००० मध्ये ठरली तेव्हा बाकीच्या देशांची २००१ ची अंदाजपत्रकं आधीच ठरून गेली होती. त्या एका वर्षाचा खड्डा कुणी भरला? टेड टर्नर, सीएनएनवाले. साधारण ३.४ कोटी डॉलर खिशातून. सोसायटीचं पाण्याचं बिल वरच्या मजल्यावरच्या शेठनी भरावं तसं.

चिंचपोकळी_रिटर्न्स

काकू, दंडवत.

रोकडवही

मतं जाणं-येणं ही वरवरची गोष्ट आहे. खरी बोंब रोख रकमेची. क्रम बघा.

जानेवारीत खर्च सुरू होतो. अमेरिकेचं आर्थिक वर्ष ऑक्टोबरला उघडतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जानेवारीचं बिल पुढच्या आर्थिक वर्षातून भरायची पद्धत पाडली, म्हणजे २२ टक्के रक्कम वेळेवर आली तरी ऑक्टोबरनंतर. चीन रक्कम पूर्ण भरतो, पण अलीकडे वर्ष सरता सरता. या दोघांचे मिळून ४२ टक्के झाले.

मधले महिने काढायचे कशावर? खेळत्या भांडवलाचा निधी बरीच वर्षं १५ कोटी डॉलर होता, २०२३ पासून २५ कोटी केला. ३७२ कोटींना बाराने भागा, महिन्याला ३१ कोटी. म्हणजे सगळा निधी ओतला तरी एक महिना निघत नाही. मग राखीव विशेष खातं, आणि तेही आटलं की बंद झालेल्या शांतिमोहिमांच्या खात्यांत पडून असलेल्या पैशातून उसनवारी.

तेही संपलं की भरती गोठवायची, प्रवास बंद, कागदपत्रांची भाषांतरं उशिरा. २०१९ ला न्यूयॉर्कच्या मुख्यालयात सरकते जिने थांबवले, हीटिंग कमी केलं. जिनिव्हातली युनोची इमारत, पॅले दे नास्यों, २० डिसेंबर २०२३ ते १२ जानेवारी २०२४ चक्क बंद ठेवली, विजेचा आणि गरम करण्याचा खर्च वाचवायला.

गोदाकाठ

पण डिसेंबरात पैसे येतातच ना? मग पुढच्या वर्षी सुरळीत व्हायला हवं.

रोकडवही

इथेच गोम आहे, म्हणून सावकाश लिहितो.

मंजुरी त्या वर्षाच्या खर्चाला असते. वर्षभर रोकड नाही म्हणून जागा रिकाम्या ठेवल्या, कामं अडवली. २७ डिसेंबरला पैसे आले. चार दिवसांत माणसं नेमता येत नाहीत. ३१ डिसेंबरला जो खर्च ना झाला ना कायदेशीर बांधिलकीत गेला, तो 'अखर्चित'. वित्तीय नियम सांगतो की अखर्चित रक्कम सदस्यांना परत करा, पुढच्या आकारणीतून वळती करून. वाटणी कशी? वर्गणीच्या टक्क्यांनुसार.

म्हणजे उशिरा भरलं म्हणून खर्च झाला नाही, खर्च झाला नाही म्हणून परतावा, आणि परतावा उशिरा भरणाऱ्यालाही टक्क्याप्रमाणे. एक पायरी आणखी वाईट आहे. परतावा मंजूर रकमेच्या शिल्लकेवर निघतो, हातातल्या रोकडीवर नाही. समजा १०० मंजूर, ८० जमा, ८० खर्च. वहीत २० शिल्लक दिसतात, तिजोरीत काहीच नाही. तरी पुढच्या बिलात २० ची सूट द्यायची! पुढच्या वर्षी मागणीच ८० ची जाते आणि तीही पूर्ण येत नाही. २०२५ संपताना नियमित अंदाजपत्रकाची थकबाकी १५७ कोटी डॉलरवर गेली आणि जानेवारी २०२६ मध्ये सरचिटणीस गुटेरेस यांनी देशांना पत्र लिहिलं, त्यात या नियमावरच बोट ठेवलं होतं.

सरळव्याज

सोसायटीच्या भाषेत: चार फ्लॅटवाल्यांनी पैसे दिले नाहीत म्हणून लिफ्टची दुरुस्ती झाली नाही, आणि दुरुस्तीचे पैसे 'वाचले' म्हणून पुढच्या बिलात सगळ्यांना सूट, त्या चौघांसकट. ऑडिटर वेडा होईल.

रोकडवही

अगदी. आणि ऑडिटर म्हणणार, नियमाप्रमाणे आहे.

भोचक_भाऊ

बरं, मी व्हीटो मागे घेतो.

निळी_टोपी

शांतिसेनेचा भाग कुणी उघडला नाही अजून. त्याचं वर्ष वेगळं, १ जुलै ते ३० जून, आणि तक्ताही वेगळा. पाया नियमित तक्त्याचाच, पण त्यावर देशांचे A ते J असे दहा स्तर. गरिबांना ९० टक्क्यांपर्यंत सूट आणि तो बोजा पाच स्थायी सदस्यांच्या डोक्यावर. भारताला ८० टक्के सूट, म्हणून २०२२-२४ मध्ये १.०४४ ऐवजी ०.२०८८. अमेरिकेचा २०२५ चा वाटा २६.१५८४ टक्के, पण त्यांचा १९९४ चा स्वतःचा कायदा सांगतो २५ च्या वर देऊ नका. साधारण ५६० कोटी डॉलरच्या वार्षिक खर्चावर एक टक्का म्हणजे ५.६ कोटी. हा फरक दरवर्षी साचत जातो, कुणीही वाईट वागायचं ठरवलं नाही तरी.

झळ कुणाला? मोहिमेच्या खात्यात पैसे आले की आधी पगार, मग इंधन-रेशनचे पुरवठादार, आणि उरलं तर सैन्य देणाऱ्या देशांची भरपाई. एका सैनिकामागे महिन्याला ठरावीक दर असतो, जुलै २०१८ ला तो १,४२८ डॉलर झाला. शिवाय ट्रक, चिलखती गाड्या, जनरेटर यांचं भाडं वेगळं. जवानाला पगार त्याचं सरकार वेळेवर देतं, युनोकडून सरकारला मात्र उशिरा मिळतं. म्हणजे श्रीमंत थकबाकीदाराला बिनव्याजी कर्ज देतात भारत, बांगलादेश, नेपाळ, रवांडा.

गोदाकाठ

+१. शेवटचं वाक्य चौकटीत लावायला हवं.

जुनी_दप्तरं

इतिहास राहिला. कलम १९ ची खरी परीक्षा १९६४ ला झाली. सुएझ आणि काँगो या दोन शांतिमोहिमांचे पैसे सोव्हिएत संघ देईना, फ्रान्स काँगोचे देईना. म्हणणं असं, की हा सनदेतला 'संघटनेचा खर्च' नाहीच. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २० जुलै १९६२ ला ९ विरुद्ध ५ असा सल्ला दिला: आहे. तरी दोघे ढिम्म.

मग आमसभेचं एकोणिसावं अधिवेशन आलं. नियम लावावा तर सोव्हिएत संघ उठून जाणार, न लावावा तर नियम मेला. तोडगा काय? मतदानच घ्यायचं नाही! घानाचे क्वेसन-सॅकी अध्यक्ष होते. प्रत्येक विषय "कुणाचा आक्षेप नाही ना?" म्हणत मतदानाशिवाय पुढे सरकवला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अल्बेनियाने मतदान घ्याच म्हणून हट्ट धरला तेव्हा सगळ्यांची तारांबळ. अखेर ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेचे युनोतले राजदूत गोल्डबर्ग यांनी जाहीर केलं की आम्ही कलम १९ चा आग्रह सोडतो, पण मग सबळ कारण असेल तेव्हा न भरण्याची मुभा आम्हालाही राहील. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे.

पाचवी_समिती

दप्तरकाका, भर चांगली, पण 'नियम मेला' हे नाही पटत. छोट्या देशांना तो त्यानंतरही काटेकोर लागतो, दर जानेवारीला.

जुनी_दप्तरं

मोठ्यांपुरता मेला म्हणा.

कुर्ल्याची_काकू

युनेस्कोत मोठ्यांनाही लागला की. ३१ ऑक्टोबर २०११ ला पॅलेस्टाइनला सदस्यत्व मिळालं, अमेरिकेच्या १९९० आणि १९९४ च्या कायद्यांनी पैसे आपोआप थांबले, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिका आणि इस्रायल दोघांचं मत गेलं. २०१८ अखेर अमेरिका बाहेर, जुलै २०२३ ला परत आत, तेव्हा थकबाकी ६१.९ कोटी डॉलर.

आणि जागतिक व्यापार संघटनेत पायऱ्या आहेत. एक वर्षाच्या वर थकलं की पहिला वर्ग: तुमच्या माणसाला कुठल्याही समितीचं अध्यक्षपद नाही. मग दुसरा, तिसरा, दरवेळी काहीतरी आणखी बंद. २०२४ अखेर अमेरिकेचे २.२७ कोटी स्विस फ्रँक थकले होते, म्हणून २०२५ मध्ये तीही पहिल्या वर्गात गेली.

खतावणी

मूळ प्रश्नाचं उरलेलं अर्धं: एखाद्या देशाकडे खरंच पैसे नाहीत, किंवा भरायची वाटच बंद आहे. मग?

पाचवी_समिती

दोन वेगळ्या गोष्टी.

पैसे नाहीत: कलम १९ च्याच दुसऱ्या वाक्यात सोय आहे. कारण आवाक्याबाहेरचं असेल तर आमसभा मत देऊ देते. अर्ज आमसभेच्या अध्यक्षांमार्फत वर्गणी समितीकडे, अधिवेशनाच्या किमान दोन आठवडे आधी. समिती जूनमध्ये बसते. सोबत परकीय गंगाजळी, कर्ज, महसूल यांचे आकडे जोडायचे. 'आमच्याकडे युद्ध आहे' एवढं पुरत नाही. कोमोरोस, साओ टोमे, सोमालिया यांना वर्षानुवर्षं अशी सूट मिळत आली आहे. अर्ज उशिरा गेला की जानेवारीत मत जातं, भलेही कारण खरं असो. अनेक वर्षांची हप्तेबंदीही करता येते. इराक, लायबेरिया, ताजिकिस्तान यांनी तशी फेड पूर्ण केली. पण हप्ते ठरवले म्हणून मत आपोआप परत येत नाही.

वाट बंद: इराण. पैसे होते, पण वर्गणी डॉलरमध्ये, आणि निर्बंधांमुळे डॉलरचा व्यवहार अमेरिकी अर्थखात्याच्या परवान्याशिवाय होत नाही. शेवटी दक्षिण कोरियात गोठलेल्या इराणी रकमेतून, परवाना घेऊन, जानेवारी २०२२ मध्ये १.८ कोटी डॉलर वळते झाले.

आणि एक बारकावा. भरलेली रक्कम आधी खेळत्या भांडवलाच्या निधीतल्या देण्याला लागते, मग आकारणीच्या क्रमाने सगळ्यात जुन्या बिलाला. 'हे या वर्षाचे धरा' म्हणता येत नाही.

चिंचपोकळी_रिटर्न्स

आणि वानुआटूच्या त्या १९४ डॉलरची पावती कुणी फाडली?

दशांश_तीन

पावती फाडायला लागणारा पगार १९४ च्या वर गेला असेल.